वडवणीच्या बाजारातल्या बांगड्या

तरुणपणी मी एकदा दिल्ली पाहून आले आणि पुढं कित्येक वर्षं बीडातल्या शेजारणींना लाल किल्ला ऐकवत राहिले. वडवणी, पाटोदा ही माझ्या लेखी एसटी थांबायची ठिकाणं. एवढी शहाणी होते मी! आता म्हातारपणी हीच गावं एकेक करून बघत हिंडते.

वडवणीच्या आठवडी बाजारात एक कासारीण बसली होती. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गिऱ्हाइकाचा हात ती आधी दोन्ही तळव्यांत धरून चेपायची आणि तो मऊ पडला की बोलता बोलता बांगडी आत सरकवायची. मी बघत उभी राहिले, तशी म्हणाली, "या की आजी, बसा."

"अगं, आमचे हे गेले त्याला लई वर्षं झाली. मला कशाला बांगड्या?" मी हात पदराखाली घेतले.

"मंग हात कावून लपिवता? काच काय इचारतीय व्हय, मालक कुटं गेले म्हून? सोडा हात ढिला."

ओळखीचं कुणी आसपास नव्हतं. मी हात पुढं केला, आणि रंग निवडला तोही हिरवागार. बांगड्या भरून झाल्यावर रीतीप्रमाणे तिला नमस्कार केला. इतका मनापासून मी देवळातही करत नाही.

परतीच्या एसटीत प्रत्येक खड्ड्याला बांगड्या किणकिणल्या आणि खड्डाही मला गोड वाटला. सून काय म्हणेल, ही धाकधूक होतीच. तरी दारात पोचल्यावर मी बेल दाबली नाही. हातच वाजवला.