साडूंच्या घरचं गळकं धरण

देवानं घडवलेली आणि माझ्या साडूंनी नंतर 'जरा नीट' न केलेली एकही वस्तू अख्ख्या जबलपुरात सापडायची नाही. अतिशयोक्ती वाटत असेल तर एकदा त्यांना घरी चहाला बोलवून पाहा. माणूस फॅक्टरीत फिटर म्हणून लागला, आता बढती मिळून चार्जमन झाला, पण हात अजून फिटरचेच. लोकांच्या शर्टाच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर. पँटच्या खिशात छोटा पाना, टेपची गुंडाळी आणि नळाचे चार-दोन वायसर. घरात शिरताना नमस्कार नाही, पाणी नाही, उंबऱ्यातच दाराला हलका धक्का देतात, बिजागरीकडे कान करतात आणि पेशंटची आशा सोडलेल्या डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणतात, "साडभाऊ, यात प्ले आहे." प्ले म्हणजे सांध्यातली ढिलाई. इतकी वर्षं ज्या दारानं माझं काही वाकडं केलं नाही, ते आज रात्री अंगावर पडणार असं मला वाटायला लागतं. मी रेल्वेच्या ऑफिसात खुर्ची उबवणारा माणूस, भिंतीत खिळा ठोकायचा म्हटलं तर आधी अंगठ्याला पट्टी बांधून ठेवतो. त्यामुळे आमच्या सौभाग्यवतींच्या मते सगळ्या शहाणपणाचा वाटा तिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याकडे गेला आणि तिच्या पदरात मी पडलो.

माझ्या पुतण्याच्या लग्नात नवरदेव स्टेजवरच्या खुर्चीत बसला आणि खुर्ची कुरकुरली. झालं! त्यापुढच्या प्रत्येक फोटोत नवरा-नवरी गोड हसून राहिलेत आणि खुर्चीखालून दोन पाय बाहेर आलेत. ते पाय साडूंचे. नर्मदेच्या ग्वारीघाटावर आरतीला गेलो, तर नावेचं वल्हं ढिलं दिसलं. ते आवळून होईस्तोवर आरती संपली आणि नावाडी 'भैया, रोज आया करो' म्हणत यांच्या पाया पडायचा बाकी होता. माझं ॲपेंडिक्स काढलं तेव्हा भेटायला आले ते माझ्याकडे न बघता सलाइनच्या स्टँडकडेच गेले. नर्स ओरडली, "भैया, हाथ मत लगाइए!" तर हे म्हणतात, "दीदी, बस आधा चक्कर." मी पलंगावरून हात जोडले, तेव्हा कुठे थांबले. तरी जाता जाता पलंगाचं चाक पाहून गेलेच.

आता अशा माणसाला मुलगी असावी आणि मुलीच्या शाळेत नाताळच्या सुट्टीआधी दरवर्षी विज्ञान प्रदर्शन असावं, ही नियतीची गंमत म्हणायची. मॉडेल मुलांनी करायचं असतं, हे सगळ्या पालकांना माहीत असतं आणि कोणीच मनावर घेत नाही. बाकीचे बाप थर्माकोल कापून देतात, आया रंग देतात. साडूंनी मिनू सहावीत असताना पवनचक्की केली. तिला एवढं नाजूक बेअरिंग होतं, की कोणी शिंकलं तरी ती फिरायची. सातवीत जॅक केला. त्यानं प्रमुख पाहुण्यांचं टेबल चहाच्या कपासकट उचललं आणि पाहुणे हात वर करून मागे सरकले. दोन्ही वर्षी पहिला नंबर. घरातल्या काचेच्या शोकेसमध्ये कप आले. साडू दर रविवारी ते पुसायचे आणि आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्या मिनूचं डोकं पाहा."

मग आठवीतली क्रेन आली. क्रेन बघून परीक्षक भारावले आणि कौतुकानं मिनूला विचारते झाले, "बेटा, ये बेयरिंग ठोक के बिठाया है या गरम करके?" मिनूच्या तोंडचं पाणी पळालं. आणि दोरीपलीकडून, पालकांच्या गर्दीतून, साडू खणखणीत आवाजात म्हणाले, "गरम करके, सर!" अख्खा हॉल हसला. परीक्षकही हसले आणि त्यांनी पहिला नंबर देऊनही टाकला. साडू धन्य झाले. मिनू त्या दिवशी जेवली नाही. मी समजूत घालायला गेलो तर तिच्या त्या अर्ध्या मराठी, अर्ध्या हिंदीत म्हणाली, "मौसाजी, कपावर नाव माझं आहे ना, पर जीते तो पापा हैं."

म्हणून यंदा नववीत तिनं फर्मान काढलं. "पापा, यावर्षी तुम्ही हात नाही लावायचा. एक स्क्रू पण नाही." लेकीनं एवढंच मागितलं होतं, आणि नेमकं तेवढंच या माणसाजवळ नव्हतं. साडूंनी शब्द दिला खरा, पण त्यांचा चेहरा दाढ उपटल्यासारखा झाला. मिनूनं जेवणाच्या टेबलावर नर्मदेवरचं बरगीचं धरण बांधायला घेतलं: वर पाण्याची टाकी, खाली नळी, नळीपुढे प्लॅस्टिकच्या चमच्यांचं चाक, चाकाला खेळण्यातली मोटर, आणि मोटरवर एक बारकासा दिवा. साडू टेबलाकडे पाठ करून, ताट मांडीवर घेऊन जेवायला लागले. एके सकाळी मेहुणी उठून पाहते तर हे मॉडेलपुढे उभे, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट. "काय करून राहिले?" तिनं विचारलं. "काही नाही. पाहून राहिलो. पाहायला तर मनाई नाही ना?"

घरची ही उपासमार मग आमच्याकडे भागायला लागली. रोज संध्याकाळी हजर. आमची दारं मुकी झाली, पंखे शहाणे झाले, मिक्सरचं झाकण जन्मात पहिल्यांदा नीट बसलं. डिसेंबरच्या कडाक्यात माणसानं कूलर उघडला! मी म्हटलं, "अहो, आत्ता कूलर?" तर म्हणाले, "साडभाऊ, तुमचं काय जाते? काहीतरी करू द्या मले." आवाज असा, की मी निमूटपणे टॉर्च धरून उभा राहिलो. आमची सौ. मात्र म्हणाली, "मिनूनं दरवर्षीच असं करावं बाई."

शाळेचा सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. अशोकाच्या झाडांवर कापसाचा बर्फ, कापसाचीच दाढी लावून फिरणारे पीटीचे सर, हॉलमध्ये केकचा वास आणि दोरीपलीकडे पालकांची दाटी. मेहुणी घरी पाहुण्यांत अडकली होती, म्हणून साडूंना आवरायची ड्यूटी माझ्यावर आली. परीक्षक मिनूच्या टेबलाशी पोचले, तिनं तोटी उघडली, आणि नळीच्या सांध्यातून पाण्याची बारीक धार उडाली. चाक डुगडुगलं आणि थांबलं. साडूंचा हात खिशात गेला. मी त्यांचा दंड धरला. तिकडून मिनूनं मान वर करून थेट बापाकडे पाहिलं. साडूंनी हात खिशातून काढला, दोन्ही हात काखेत दाबले आणि गर्रकन वळून भिंतीकडे तोंड केलं. समोर पचनसंस्थेचा तक्ता होता.

"साडभाऊ, तुम्ही पाहा अन् मला सांगा. माझ्यानं नाही पाहवत." फॅक्टरीतल्या घणांनी त्यांचे कान जरा जड केलेत, त्यामुळे मला त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगावं लागत होतं.

"कुठून गळून राहिलं?"

"सांध्यातून. खालच्या."

"अरे देवा! वायसरच नाही टाकला पोरीनं. आता काय करून राहिली?"

"केसांची रिबन सोडली. सांध्याला गुंडाळते आहे."

"रिबन?" साडू पचनसंस्थेवर कपाळ टेकून कण्हले. "अरे, पाणी पिते ना ती!"

"थांबा. गाठ मारली. धार थांबली... थेंब पडताहेत फक्त. चाक फिरतंय, साडभाऊ! हळू, पण फिरतंय."

"दिवा?"

"लागला."

"किती?"

"काजव्याएवढा."

तेवढ्यात परीक्षकांनी मिनूला नेहमीचा प्रश्न विचारलाच, "घर में मदद किसने की?" मिनू म्हणाली, "पापा ने, सर. सबसे ज़्यादा." परीक्षकांनी भुवया उंचावल्या, "अच्छा? क्या किया उन्होंने?" मिनू म्हणाली, "हाथ नहीं लगाया, सर."

"काय म्हणाली?" साडूंनी तक्त्याकडे पाहतच विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं, मी पुन्हा सांगितलं. मग ते "चलो" म्हणाले आणि हॉलबाहेर गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी शोधायला गेलो, तर मैदानाच्या कडेला मुलांच्या पिण्याच्या पाण्याचा नळ आवळत बसले होते. "प्ले होता," नाक ओढत म्हणाले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून मी दुसरीकडे पाहिलं.

पहिला नंबर एका रोबोटला गेला. तो रोबोट एक पाऊल टाकायचा आणि त्याचा मालक मुलगा दोरीपलीकडे पप्पांकडे पाहायचा. मिनूला प्रोत्साहनाचं प्रमाणपत्र मिळालं. ते हातात घेऊन ती मैदान मारल्यासारखी ऐटीत स्टेजवरून उतरली, केस सगळे तोंडावर आलेले.

नाताळच्या सुट्टीत आम्ही त्यांच्याकडे गेलो. शोकेसमधले तिन्ही कप दिसेनात. "माळ्यावर टाकले," मेहुणी म्हणाली. त्यांच्या जागी काच काढून धरण बसवलं होतं. साडूंनी मोठ्या थाटात तोटी उघडली, चाक फिरलं, काजवा लागला, आणि रिबनीच्या गाठीतून एकेक थेंब खाली ठेवलेल्या स्टीलच्या वाटीत पडायला लागला. टप्. टप्. गावभरचे नळ बंद करत हिंडणारा हा माणूस त्या थेंबांकडे टक लावून पाहत होता. आणखी थोड्या वर्षांनी मिनू शिकायला बाहेर जाईल, तेव्हा या घरात हाच आवाज उरेल, असं काहीतरी माझ्या मनात येऊन गेलं. इतक्या वर्षांच्या संगतीचा परिणाम असेल, माझाच हात त्या गाठीकडे गेला. म्हटलं जरा आवळावी.

साडूंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"साडभाऊ," ते हळूच म्हणाले, "हात नका लावू."