पदवीचं साल

मेरीडेल कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाची मेकन गावची शाखा चर्चच्या तळघरात भरते, आणि तिथे एक रीत आहे. बोलायला उभं राहिलात की आधी नाव, मागोमाग पदवीचं साल. तुम्ही न्यायाधीश असा नाहीतर न्हावी, साल राहिलं की मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडणारच, "साल काय, साल?"

व्हर्नेल मोब्ली या शाखेची चाळीस वर्षं चिटणीस. मुलांना शिष्यवृत्त्या मिळवून द्यायच्या, आजारी सभासदांकडे डबे पोचवायचे, पत्रं लिहायची, सगळं तीच. नाकावर माशी बसू द्यायची नाही. उभी राहिली की खणखणीत आवाजात म्हणायची, "व्हर्नेल मोब्ली, एकसष्ट!"

तिच्यानंतर स्वयंपाकघराच्या दारात ओझेला टिस्डेल यायची, एप्रनला हात पुसत. म्हणायची, "ओझेला टिस्डेल, मासे."

हॉल दणाणून हसायचा. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मक्याच्या पिठात घोळवून ती जे मासे तळायची, ते खायला गाव लोटायचं. पण तिच्याकडे साल नव्हतं. संघाच्या नियमात ती सभासद नव्हे, 'कॉलेजची स्नेही'. हसणाऱ्यांत व्हर्नेलही असायची. हसायची आणि पटकन हातातल्या कागदांकडे बघायची.

कारण ओझेलाचं साल का नाही, हे त्या हॉलमध्ये तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

कॉलेजच्या वसतिगृहात दोघी एका खोलीत राहायच्या. साठ सालच्या मार्चमध्ये काळ्यांच्या या कॉलेजातल्या पाच मुलींनी ठरवलं, गावातल्या मोठ्या दुकानात जायचं आणि गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसायचं. पाचवी व्हर्नेल. आदल्या दिवशी हातमोजे धुऊन तिनेच खिडकीत वाळत घातले होते. सकाळी मात्र पोट धरून बसली. पोटबिट काही दुखत नव्हतं हो! वडील सरकारी शाळेत मास्तर, लेकीचं नाव पेपरात आलं असतं तर संध्याकाळी नोकरी जाऊन घरी बसले असते. भीती खोटी नव्हती, पण ती बोलली मात्र पोटाचं.

ओझेला तिच्या तोंडाकडे क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, "पड तू. आल्यावर सांगते काय काय झालं ते."

आली ती तिसऱ्या दिवशी, तुरुंगातून, आणि ट्रंक भरायला. कॉलेजने चौघींना काढून टाकलं होतं. वॉर्डनबाईंनी ओझेलाला खोदून खोदून विचारलं होतं, "पाचवी कोण?" ओझेला म्हणाली, "आम्ही चौघीच." म्हणून व्हर्नेलला एकसष्टचं साल मिळालं, शाळेत नोकरी मिळाली, पुढे मुख्याध्यापकीही मिळाली. ओझेला त्याच गावातल्या दुसऱ्या एका शाळेत स्वयंपाकघरात लागली. त्या सकाळबद्दल दोघींत पुन्हा शब्द निघाला नाही. व्हर्नेलने काढला नाही, आणि ओझेलाने काढू दिला नाही.

पन्नास वर्षांनी, दोन हजार दहाच्या नोव्हेंबरात कॉलेजचं पत्र आलं. एकसष्टचा वर्ग येत्या मे महिन्यात सोनेरी झगे घालून पदवीदानाच्या मिरवणुकीत पुढे चालणार होता. पन्नास वर्षं झालेल्या प्रत्येक वर्गाचा तो मान असतो. आणि यंदा, त्या मार्चमध्ये काढून टाकलेल्या मुलींपैकी ज्या हयात आहेत त्यांनाही पदवी देऊन त्याच रांगेत चालवायचं ठरलं होतं. सोबत त्यासाठीचा अर्ज होता. वर्गातल्या एकाने साक्ष लिहायची. खाली एक ओळ छापली होती: 'त्या दिवशी आपण स्वतः कोठे होता?'

व्हर्नेलने आनंदाने पेन उघडलं होतं. त्या ओळीपाशी आली आणि तिने टोपण लावलं.

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्या कुणाची साक्ष घ्यायची. घेणार कुणाची? बाकीच्या तिघी देवाघरी गेलेल्या, आणि त्या सकाळचं जाणणारी वर्गातली ही एकटीच. उद्या लिहू, नाताळ होऊ दे, नवं वर्ष लागू दे. असं करत अर्ज टेबलाच्या खालच्या खणात गेला. ज्या बाईने शेकडो पोरांचे अर्ज मुदतीच्या आधी धाडले, तिला आपल्या मैत्रिणीचा एक अर्ज धाडवेना!

शाखेचे अध्यक्ष डॉक्टर राउंडट्री यांनी एकदा, तिकडच्या रीतीने मानाने 'मिस' म्हणत, विचारलं, "मिस व्हर्नेल, ओझेलाचं झालं ना?"

"चाललंय," ती म्हणाली.

जानेवारीच्या शनिवारी ओझेलाने मासे उलटता उलटता सहज विचारलं, "काय गं, कॉलेजकडून काही पत्रबित्र?"

"नेहमीचंच गं. तुझं तेल तापलंय बघ."

"तेलाचं मला नको शिकवूस, मुख्याध्यापकबाई," ओझेला हसून म्हणाली. पण चिमटा हातात तसाच धरून ती जरा वेळ थांबली होती. चोराच्या मनात चांदणं. व्हर्नेल पाव मोजायच्या निमित्ताने बाहेर सटकली.

फेब्रुवारीअखेर मुदत संपली. एप्रिलमध्ये ओझेला झोपेतच गेली. व्हर्नेल ढसाढसा रडली, आणि रडताना तिला आतून जरासं सुटल्यासारखं वाटलं. आता ती ओळ कुणी भरायला सांगणार नव्हतं. त्या वाटण्याची तिला पुढे इतकी किळस आली की आरशात बघवेना. तरी मे महिन्यात ती सोनेरी झगा घालून मिरवणुकीत चालली. हो, चालली. टाळ्या वाजल्या, नातवंडांनी फोटो काढले. खुर्च्या सगळ्या भरलेल्या होत्या, ओझेलाची म्हणून एकही रिकामी नव्हती, आणि तेच तिला सोसवेना.

जूनच्या पहिल्या शनिवारी ओझेलाची मुलगी क्लॅरेटा तळघरातल्या स्वयंपाकघरात आली. हातात आईची बिडाची कढई आणि लांब चिमटा.

"मावशी, मम्मा म्हणाली होती, हे संघाचं आहे. संघाला दे."

व्हर्नेलने कढई घेतली. चांगलीच जड होती. "तुझ्या आईचं या कॉलेजवर फार..."

"मावशी, तिला माहीत होतं."

"काय?"

"अर्जाचं. नोव्हेंबरातच. राउंडट्री डॉक्टर तिला चर्चमध्ये म्हणाले, कागद मिस व्हर्नेलकडे आहे. मी म्हटलं, जाते आणि मागून आणते. तर माझ्यावरच खेकसली. म्हणाली, गप बस. पन्नास वर्षं ती बया पोटात काटा घेऊन फिरतेय. येऊ दे तिला तिच्या पायाने."

व्हर्नेल खाली बसली. "आणि मग?"

"मग काय. दर रविवारी जेवणानंतर व्हरांड्यात बसायची, दुसरी खुर्ची ओढून. कोण येणार आहे म्हटलं, तर म्हणायची, कुणी नाही गं, असू दे." क्लॅरेटाने डोळे पुसले. "तिला झगा हवा होता, मावशी, खोटं कशाला बोलू? माप लिहून ठेवलं होतं तिने. पण त्याहून जास्त तुम्ही हव्या होतात."

बाहेर सभा सुरू झाली होती. नवी पोरं एकेक करून उभी राहत होती, नाव, साल, टाळ्या. डॉक्टरांनी हाक मारली, "मिस व्हर्नेल?"

ती स्वयंपाकघराच्या दारात आली. कढई अजून हातातच होती.

"व्हर्नेल मोब्ली," ती म्हणाली आणि थांबली.

मागून एकजण लाडाने ओरडला, "साल काय, साल?"

"मार्च साठ," ती म्हणाली. "ओझेला काउंटरवर जाऊन बसली. माझं पोट दुखत नव्हतं. मी खोलीत राहिले."