न चाखणारा महेबूबभाई

...तर तो लालबुंद सार्जंट दुकानाच्या पायरीवर उभा, हातात फ्रान्सच्या महागड्या तांबड्या वाइनची बाटली, खिशातून नोटा काढलेल्या, आणि महेबूबभाई त्याला म्हणतो, "साहेब, ही घेऊ नका." इथंच काल जेवायची हाक आली आणि बोलणं तुटलं. आता पुढचं ऐका.

दुकानदारानं गिऱ्हाइकाला महाग माल घेऊ नको म्हणावं, हे त्या सार्जंटानं जन्मात ऐकलं नव्हतं. त्यानं बाटली उजेडात धरून पाहिली.

"का? नासलीय?"

"नासलेली नाही, साहेब. पण सोबत खाणार काय?"

सार्जंटानं सांगितलं की रविवारी चार दोस्त मिळून दारणेच्या काठी जाणार, मासे धरणार आणि खानसामा तिथंच मिरची-लसूण चोळून तळून देणार. महेबूबभाईनं मान हलवली. "मग ही कळकेल. तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखी लागेल." असं म्हणून त्यानं खालच्या फळीवरची धूळ बसलेली एक पांढरी बाटली काढली, गोडसर, किंमत त्या तांबडीच्या तिसऱ्या हिश्शानं. फडक्यानं पुसली आणि वर सुतळीचा तुकडा दिला. "बाटलीच्या गळ्याला बांधा आणि नदीत सोडा. मासे तळून होईस्तोवर वर काढू नका."

सोमवारी सार्जंट परत आला तो रिकामी बाटली बगलेत मारून. महेबूबभाईचा हात धरून पंपासारखा खालीवर हलवला आणि तसल्याच सहा बाटल्या घेऊन गेला.

हे साल एकतीस-बत्तीसचं. देवळाली कँपात दारबशेठ नावाच्या पारशी गृहस्थाचं वाइनचं दुकान होतं आणि महेबूबभाई तिथं चौदा वर्षं माल विकत होता. अंगानं काटकुळा, डोक्यावर पांढरी टोपी, कानाच्या पाळीमागे पेन्सिल. कँपातल्या गोऱ्यांना खात्री की या माणसाइतका दर्दी मुंबईतसुद्धा सापडायचा नाही. आणि गंमत अशी की या दर्द्यानं उभ्या आयुष्यात दारूचा थेंब जिभेला लावला नव्हता.

त्याचा बाप चांदवडचा कल्हईवाला. भाता आणि कोळसे गाढवावर लादून गावोगाव फिरायचा. लहानपणी बापामागून फिरताना महेबूबभाईला एक गोष्ट पक्की कळली. भांडं चांगलं असतं, चिंचेचं सारही चांगलं असतं, पण कल्हई उडालेल्या भांड्यात सार ठेवलं की दोन्ही बिघडतात. दोष दोघांचाही नसतो, गाठ चुकीची पडलेली असते. दुकानात आल्यावर त्यानं हाच न्याय बाटल्यांना लावला.

पण न चाखता गाठ कोणती बरोबर हे कळावं कसं? त्याची त्यानं स्वतःची रीत बसवली होती. बंगल्यांतल्या रिकाम्या बाटल्या दुकान परत घ्यायचं. रोज सकाळी ढकलगाडी घेऊन महेबूबभाई त्या गोळा करत हिंडे. हे काम खरं हमालाचं, पण तो कुणाला करू देत नसे. प्रत्येक बाटली हलवून बघायची. तळाला घोटभर आहे, की निम्मी आहे, की थेंबही नाही? मग स्वयंपाकघराच्या मागच्या दारी जाऊन विचारायचं, काल ताटात काय होतं आणि ताटात काय उरलं? बाटलीही निपटलेली आणि ताटही निपटलेलं, की गाठ जमली. बाटली संपली आणि मटण उरलं, तर साहेब नुसता तहानलेला होता, ते धरायचं नाही.

असं चौदा वर्षं चाललं. त्यातून त्याला उमगलं की सर्वांत स्वस्त शेरी वाइनबरोबर तळलेले सुके बोंबील किंवा खारे दाणे दिले की साहेब लोक महागडी विसरतात. पोर्ट नावाच्या गोड वाइनसोबत चीज हवं आणि चीज नसलं तर सुरगाण्याकडच्या कातकऱ्यांचा मध आणि भाजलेली पोळीसुद्धा चालते. तांबडीशी मिरचीचं हाडवैर, पण लाल होईस्तोवर परतलेला चांदवडचा कांदा तिला सख्ख्या बहिणीसारखा.

मागच्या दारची त्याची सर्वांत पक्की साक्षीदार म्हणजे मेजरसाहेबाच्या बंगल्यात भांडी घासणारी भागीबाई. भगूरची. तोंडानं फटकळ, मनानं लोणी.

"भागीमावशी, काल काय उरलं?"

"मुडदा बशिवला त्या मड्डमचा, काय बी उरू देत नाय. कोंबडीची हाडं तेवढी उरली, ती बी कुत्र्यानं नेली. बाटलीत बघ तूच. मला त्या वासानं मळमळतं."

"मलाही मळमळतं, मावशी."

"मग कशाला विकतो रं? माझ्यावानी भांडी घास की."

घरी बायकोचं, जहिदाचं, म्हणणं थोडंफार हेच होतं. दुकानामागच्या दोन खोल्या दारबशेठनं त्यांना राहायला दिल्या होत्या. संध्याकाळी महेबूबभाई आला की ती आधी बादली पुढे सरकवायची. "आधी हातपाय धुवा. पोरं तुमच्याजवळ बसतात. काय म्हणतील, अब्बाला वास कसला येतो?"

"म्हणतील, अब्बाच्या हाताला भाकरीचा वास येतो. भाकरी याच्यावरच येते ना?"

"दुसरी भाकरी मिळाली असती तर मी दर्ग्यावर शिरनी वाटली असती."

"मिळाली की सांग. मी पहिला जाईन."

ती बडबडत पाणी ओतायची आणि तो निमूटपणे धुवायचा. रोजचं होतं.

मग दारबशेठला अर्धांगवायूचा झटका आला. दुकान बघायला मुंबईहून मुलगा आला, सोराब. कडक इस्त्रीचा सूट, आणि कोणती वाइन कशी प्यावी याचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. पोरगा वाईट नव्हता, पण पुस्तकावर त्याचा देवासारखा विश्वास. आठवड्याभरानं त्यानं सहज विचारलं, "महेबूब, ही ऑस्ट्रेलियाची तांबडी तू सगळ्यांना देतो. तुला स्वतःला कशी लागते?"

"मी घेत नाही, शेठ. कधीच घेतली नाही."

सोराबनं पुस्तक मिटलं. "एकदा पण नाय? चौदा वरस?"

"एकदाही नाही."

"म्हणजे चौदा वरस तू लोकांना थापा मारतो. आंधळा साला चित्रं विकायला बसला."

महेबूबभाईनं आपली रीत सांगायचा प्रयत्न केला, पण उरल्यासुरल्यावरून अक्कल येते हे सोराबला पटेना. त्यानं निकाल दिला. मे महिन्यापासून मुंबईचा, स्वतः चाखून सांगणारा माणूस काउंटरवर बसेल. मागच्या खोल्या त्याला लागतील. महेबूबनं गोदामात यावं, किंवा दुसरीकडे बघावं.

त्या रात्री बादली सरकवताना जहिदा काही बोलली नाही. म्हणजे तिला कळलं होतं. दुसरी भाकरी दिसत नव्हती, आणि असलेलं छप्परही जाणार होतं.

एप्रिलच्या मध्याला मेजरची मड्डम दुकानात आली. शनिवारी बंगल्यावर बारा माणसं जेवायला, त्यात मद्रासहून आलेले कर्नलसाहेब. सरकारनं त्या साली सगळ्यांच्या पगाराला कात्री लावलेली, त्यामुळे मड्डम हात आखडून होती, पण लाज जाऊ द्यायची नव्हती. जेवणात भाजलेलं मटण.

सोराबनं फ्रान्सची तांबडी काढली. "यापेक्षा खाली उतरू नका. आणि थंड मुळीच करायची नाही. घरातल्या हवेइतकीच ठेवायची. पुस्तकात लिहिलं आहे."

महेबूबभाईनं खाकरून घसा साफ केला. "मेमसाब, पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरात शेकोटी पेटलेली असेल. आपल्या घरात आज भिंतीला हात लावून बघा. या हवेत तांबडी काढ्यासारखी लागेल. ऑस्ट्रेलियाची घ्या, निम्म्याहून कमी किमतीची. ओल्या तरटात गुंडाळून दोन तास रांजणात ठेवा. आणि खानसाम्याला सांगा, मटणावर मिरं कमी, भरपूर कांदा लाल परतून घाल."

मड्डमनं एकदा सुटाकडे पाहिलं, एकदा टोपीकडे. मग संसारी बाई करते तेच केलं. दोघांच्याही चार-चार बाटल्या बंगल्यावर पाठवायला सांगितल्या.

ती गेल्यावर सोराब हसला. "चल, तुझीच रीत. रविवारी रिकाम्या बाटल्या आण. तुझ्या जास्त संपल्या तर तू काउंटरवर आणि खोल्याही तुझ्या. माझ्या संपल्या तर गोदाम."

शनिवारी संध्याकाळी महेबूबभाई स्वतः जाऊन रांजण, तरट, सगळं लावून आला. भागीबाईला समजावलं, हे तरट वाळू देऊ नकोस. बोलता बोलता आपल्यावर काय वेळ आली आहे तेही तिला सांगून बसला. तिनं ऐकलं आणि पदरानं तोंड पुसलं. "जा तू. काळजी करू नको."

रविवारी सकाळी तो गाडी घेऊन बंगल्यामागे गेला, तेव्हा भागीबाई उंबऱ्यात वाट बघत होती. शेजारी आठ बाटल्या मांडलेल्या. सोराबच्या चारांतल्या तीन निम्म्याहून जास्त भरलेल्या, चौथीचं बूच तसंच. महेबूबभाईच्या चारी बाटल्या कोरड्या ठणठणीत. त्यानं एकेक उलटी करून पाहिली. त्याला वाटलं, जहिदाला आताच्या आता पळत जाऊन सांगावं.

"बघितलं?" भागीबाई म्हणाली. "मी सांगितलं व्हतं ना, काळजी करू नको म्हून."

"मावशी, चारीच्या चारी संपल्या?"

"दोन त्यांनी संपवल्या. दोन मी मोरीत वतल्या. खानसाम्यानं बुचं काढून ठिवलीच व्हती. कुणी बगत नाय बगून भडाभडा वतल्या." आणि ती अशी हसली, जणू त्याच्या पोराचं बारसं तिनंच केलं.

महेबूबभाई बाटल्यांशेजारी पायरीवर बसला. रागवावं तर जिनं केलं तिनं मायेनं केलेलं. गप्प बसावं तर कुणाला कळणार? दोन खोल्या, पोरं, चौदा वर्षं, सगळं पणाला; दोन ओतल्या म्हटलं, की उरलेल्या दोनही कुणी खऱ्या मानणार नव्हतं. पण त्याची सगळी विद्याच मुळी रिकाम्या बाटलीच्या खरेपणावर उभी होती. तीच खोटी निघाली, तर मग सोराब म्हणतो तेच खरं, थापाड्या.

"मावशी, माझी माय असतीस तरी यापेक्षा जास्त केलं नसतंस," तो उठत म्हणाला. "पण मला शेठला सांगावं लागेल. तुझं नाव मड्डमच्या कानावर जाणार नाही, एवढं मी बघतो."

"सांगतोस? येडा झाला का काय?"

"थोडा होतोच."

दुकानात त्यानं आठही बाटल्या काउंटरवर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. सोराबनं दोन रिकाम्या बाटल्या बाजूला सारल्या. "म्हणजे दोन खऱ्या, दोन खोट्या. खोट्या होत्या हे मला कळलं असतं का?"

"नाही, शेठ."

"मग सांगितलं का?"

"उद्या दुसऱ्या बंगल्यातली बाटली रिकामी आली, तर माझाच तिच्यावर विश्वास बसला नसता."

सोराबनं टोपी उचलली. म्हणाला, मड्डमलाच विचारू. दोघं चालत बंगल्यावर गेले, आणि मड्डम व्हरांड्यातच त्यांच्यावर तुटून पडली. तुमच्या दुकानानं मला फसवलं, म्हणाली. त्या थंड तांबडीच्या चार बाटल्यांचे पैसे घेतले आणि दोनच पाठवल्या. कर्नलसाहेबांनी कांद्यासकट मटण दोनदा घेतलं, ती तांबडी तिसऱ्यांदा मागितली, आणि खानसामा हात हलवत आला. मग दुसरी दिली, कोमट, तर साहेब एक घोट घेऊन पाणी मागू लागले. शरमेनं मेले मी.

दारामागे भागीबाई भांडं घासता घासता थांबली होती.

सोराबनं एकदा त्या दाराकडे पाहिलं. मग टोपी छातीशी धरून मड्डमला म्हणाला, "चूक दुकानाची, बाईसाहेब. दोन बाटल्या आज पोचवतो, पैसे नकोत." आणि वळून चालू लागला. बाजाराच्या तोंडाशी आल्यावर एवढंच म्हणाला, "मुंबईच्या माणसाला नको येऊ म्हणून तार करतो."

दुकानात आल्यावर त्यानं तिथल्या रांजणात गार ठेवलेली ऑस्ट्रेलियाची एक बाटली काढली, उघडली, पेल्यात दोन बोटं ओतली आणि स्वतः एक घोट घेतला. डोळे मिटून क्षणभर उभा राहिला. मग दुसरा पेला घेऊन त्यात चमचाभर ओतली आणि महेबूबभाईच्या पुढे सरकवली.

"आता फक्त जीभ लाव. कुणाला सांगणार नाय, तुझ्या बायकोला पण नाय. न चाखता तू इतकं सांगतो, चाखून काय सांगशील ते बघायचं आहे मला. मग दुकान तुझ्यावर टाकून मी बापाजवळ बसायला मोकळा."

महेबूबभाईनं तो पेला दोन बोटांनी हळूच परत त्याच्याकडे ढकलला आणि म्हणाला, "नको, शेठ. आज मला यातलं काहीच आवडत नाही, म्हणून येणाऱ्याला विचारतो, तुम्ही खाणार काय. एकदा माझ्या जिभेला एखादी गोड लागली, की मी तीच विकत बसेन आणि त्याला विचारायचं राहून जाईल."