व्याह्यांचं गाव

फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि मुलीने, सायलीने, माझं पोस्टिंग जर्मनीत, इंगोलश्टाटला काढलं. तिचे सासरे मूळचे इटलीतल्या समुद्रकाठच्या गावचे. इथल्या मोटारींच्या कारखान्यात त्यांची हयात गेली. मला नावानेच हाक मारा म्हणतात. आमच्या साताऱ्याकडे व्याह्यांना नावाने हाक मारली तर जीभ झडायची, म्हणून मी ‘व्याहीसाहेब’ म्हणतो. त्यांना ती बढती वाटते.

गेल्या ऑगस्टात आम्ही तिघं केलरमधून, म्हणजे तळघरातून, पाण्याचे क्रेट घेऊन लिफ्टने वर निघालो. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबली. दिवा गेला. सायलीने मदतीचं बटण दाबलं आणि जर्मनमध्ये बोलली.

“रिपोर्ट?” मी विचारलं.

“टेक्निकर निघालाय, बाबा. वेळ लागेल.”

व्याही हृदयाचे पेशंट. त्यांचा श्वास चढला, ते दारावर हात आपटू लागले. हे लक्षण माझ्या ओळखीचं होतं, आणि मी घाबरलो.

उत्तरेकडच्या एका पोस्टवर हिमस्खलनात आमची हट गाडली गेली होती. मी तेव्हा हवालदार. शेजारी नाईक सदाशिव, कमरेपासून खाली अडकलेला. अशा वेळी माणसाला बोलतं ठेवायचं, झोपू द्यायचं नाही. सदाशिवने मला त्याच्या गावातलं घर न् घर सांगितलं, देवळापासून ओढ्यापर्यंत. ओढ्यापलीकडे गाव नव्हतं. वर फावड्यांचा आवाज आला तेव्हा तो गार झाला होता.

“सायली, त्यांना म्हणावं, तुमचं गाव सांगा. पार पहिल्यापासून.”

ती माझं त्यांना जर्मनमध्ये आणि त्यांचं मला मराठीत सांगत होती, ते अडखळत बोलत होते. आधी नुसते कोळी होते. रोमनांनी धक्का बांधला. पुढे तो वाळूत बुजला. मग समुद्रावरून लुटारू यायला लागले, तसं गाव टेकडीवर चढलं.

“टेकडीवर पाणी कुठलं?” मी अडवलं. किल्ल्यांच्या मुलखातला माणूस पहिलं हेच विचारणार.

व्याही चिडले. दोन विहिरी होत्या म्हणाले. मी म्हटलं, वेढ्यात दोन पुरत नाहीत. त्यावर हौदांचं सविस्तर व्याख्यान झालं आणि त्यात ते धापा टाकायचे विसरले. मग बुरूज आले, किनाऱ्याने रेल्वे आली. दुसऱ्या महायुद्धाला पोचले तेव्हा जर्मनीत राहून लागलेल्या सवयीने त्यांनी आवाज खाली आणला.

गावाबाहेर, इंग्रजांच्या फौजेतून तिथे लढताना पडलेल्या हिंदुस्थानी शिपायांचं स्मारक आहे म्हणाले. नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, गाव आपापल्या माणसांना फुलं नेतं. या शिपायांचं तिथे कोणीच नव्हतं. म्हणून व्याह्यांच्या आईने प्रत्येक लेकराला दगडावरचं एकेक नाव वाटून दिलं. आपल्या वाट्याच्या नावाची मेणबत्ती ते अजून दर वर्षी लावतात.

“कुठलं नाव?”

सायलीने विचारायच्या आधीच ते म्हणाले, “शिवराम.”

मला रडू आलं. अंधार होता, लपवायचं कारण नव्हतं. मग मी त्यांना सदाशिवचं सांगितलं. सायलीही ते पहिल्यांदाच ऐकत होती. तिने ते शेवटपर्यंत जर्मनमध्ये सांगितलं. थोड्या वेळाने टेक्निकरने दार उघडलं. आम्ही क्रेट उचलून जिन्याने वर गेलो.

नोव्हेंबरात व्याही गावी गेले आणि स्मारकापासून त्यांनी फोन केला. मागे वारा होता.

“शिवराम,” ते म्हणाले. दुसरी काडी ओढल्याचा आवाज आला. “सदाशिव.”

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.