वजनाला भरलेली ट्यूब

त्वचारोग विभागातल्या नर्सला तिथली मुलं मलमताई म्हणत. एक्झिमा झालेल्या लेकरांना आंघोळ कशी घालायची, मलम कसं लावायचं, हे आयांना शिकवण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. दिलेली ट्यूब ती परत आणायला लावी आणि काट्यावर ठेवी. माणसं थापा मारतात, काटा मारत नाही, असं तिचं म्हणणं.

त्या सकाळी चार वर्षांच्या मुलीला घेऊन तिची आई आली. कोपरांच्या खोबणीत, गुडघ्यांमागे खाजवून रक्त आलेलं. महिन्यापूर्वीची ट्यूब मात्र जवळजवळ भरलेलीच.

"कपाटात शोभेला ठेवायला दिली होती का?" मलमताईचा आवाज रांगेच्या टोकापर्यंत गेला. "पोर सोलून निघालंय आणि तुमचा हात आखडता!"

रांगेतल्या एक आजीबाई म्हणाल्या, "हल्लीच्या आयांना वेळ कुठला!"

आईने मान खाली घातली. 'आई औषध लावत नाही' असं लिहिलेलं कार्ड डॉक्टरांकडे गेलं.

तेव्हा मुलगीच बोलली. "आई लावते. मुंगीएवढं. तुम्हीच सांगितलंय."

"मी? कधी गं?"

आईने पर्समधून चिठ्ठी काढली. अक्षर मलमताईचंच. 'स्टिरॉइड आहे, जपून लावा.' 'जपून'खाली दोन रेघा. किती लावायचं, ते कुठेच नव्हतं. बोटाच्या पेराएवढं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला लागतं, हे ती शिकाऊ नर्सेसना घोकून घ्यायची. आयांना सांगताना मात्र कचरायची. पूर्वी एकीने मलम चोपडचोपडून बाळाची कातडी बिघडवली होती. तेव्हापासून घाबरणारी आई बरी, असं तिने ठरवूनच टाकलं होतं.

चिठ्ठी खिशात घातली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. ती आत गेली, कार्डावरची ओळ खोडली आणि लिहिलं, 'प्रमाण सांगितलं नाही. चूक माझी.'

"चालायचंच, सिस्टर," डॉक्टर म्हणाले. तिला ते शिवीसारखं लागलं.

बाहेर येऊन तिने आवाज मघाएवढाच ठेवला. "यांची चूक नाही. माझी आहे."

आजीबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. आई थंडपणे म्हणाली, "इथे सांगून काय उपयोग? घरी सासूबाई महिनाभर हेच ऐकवताहेत. त्यांना सांगाल?"

मलमताईने नंबर घेऊन फोन लावला.

"कोण चुकलं म्हणता?" पलीकडून सासूबाईंचा करडा आवाज आला.

"मी. दवाखान्यातली नर्स," ती म्हणाली. "तुमच्या सुनेने मी सांगितलं तेवढंच केलं."