भिलाई पाहिली, विजूचं ऐकायचं राहिलं

नाशिकरोडहून हावड्याच्या गाडीत बसले तेव्हा माझ्या पिशवीत तिळाचे लाडू होते, कोरी वही होती आणि धाकट्या बहिणीचं, कुमुदचं, पत्र होतं. तिच्या मुलीवर, विजूवर, तीन आठवड्यांपूर्वी वडिलांच्या ओळखीतल्याच एका माणसाने बळजबरी केली होती. पोलिसांत जायचं नाही असं घरात ठरलं होतं. ‘तू आलीस की तिला बरं वाटतं. फिरव, बोलतं ठेव, फक्त तो विषय काढू नकोस,’ असं कुमुदने लिहिलं होतं. विषय टाळून बोलत राहणं मला छान जमतं. शाळेत शिकवण्यात आयुष्य गेलं आणि वर प्रवासावर लिहिण्याची हौस, त्यामुळे माझं तोंड म्हणजे वाहता नळ.

डोंगरगडची टेकडी खिडकीतून मागे गेली आणि सकाळी दुर्गला उतरले. न्यायला कुमुदचे यजमान आले होते. ते पोलाद कारखान्यात क्लार्क आहेत. भिलाईचे रस्ते पाहून मी थक्कच झाले. रुंद, सरळ, दोन्ही बाजूंना झाडं, आणि सेक्टरमागून सेक्टर एकसारखी क्वार्टर्स. लांब धुराडी दिसत होती. मी सारखी काही ना काही विचारत होते आणि ते मान हलवत होते.

घरी कुमुदने चीला (तांदळाच्या पिठाचं धिरडं) आणि टोमॅटोची चटणी केली होती. मी चार खाल्ले, विजूने अर्धा. एकवीस वर्षांची मुलगी, बालवाडीत शिकवायची, ते आता बंद झालं होतं. घरातल्यांनी तिच्यासाठी काय कमी केलं होतं? हळदीचं दूध होतं, दंडाला काळा दोरा होता, बाहेरच्या दाराला दिवसाही कडी होती. पण वडील तिच्याकडे बघून बोलत नव्हते आणि आई बोलताना फक्त जेवणाचं बोलत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तसं तिचं चाललं होतं, आणि हे मला तेव्हा कळलं नाही याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी तिला मैत्रीबागेत नेलं. तळ्याकाठी बाकावर बसलो. बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग म्हणाली, “मावशी, त्या दिवशी मी बालवाडीतून येऊन राहिली होती...”

मी म्हटलं, “ते बघ, मोर.”

मोर खरंच होता. तिने बघितलाही. नंतर ती गप्प झाली, आणि आपण प्रसंग सावरला म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. वहीत मोराबद्दल पाच ओळी लिहिल्या.

तिसऱ्या दिवशी आम्ही लोकलने चरोद्याला गेलो. तिथलं रेल्वेयार्ड मला बघायचं होतं. उतारावरून मालगाडीचे डबे सोडतात आणि ते घरंगळत आपापल्या रुळावर जातात, असं ऐकलं होतं. उतरलो तेव्हा फलाटावर गर्दी होती. मागून एका माणसाने घाईत विजूच्या खांद्याला हात लावून वाट काढली. ती तिथेच खाली बसली. श्वास घेता येईना, हात बर्फासारखे गार. मी पाणी, कांदा, डॉक्टर असं काहीबाही ओरडत सुटले.

पांढऱ्या साडीतली एक बाई पुढे आली. रेल्वेच्या दवाखान्यातली नर्स, सुमनबाई, मूळच्या भंडाऱ्याकडच्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. विजूसमोर हातभर अंतरावर बसल्या आणि विचारलं, “बेटा, हात धरू काय?” विजूने मान हलवल्यावरच धरला. तीन आठवड्यांत तिला हात लावण्याआधी विचारणारं हे पहिलं माणूस.

त्यांचं क्वार्टर जवळच होतं. समोरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, एक पलंग, दोन खुर्च्या. त्यांनी विजूला भिंतीला पाठ लावून, पाय जमिनीवर टेकवून बसायला सांगितलं. दार उघडंच ठेवलं आणि म्हणाल्या, “सांगाचं असन तं सांग. नसन तं चहा पिऊ. मले काई घाई नाई.”

विजू बोलायला लागली. पहिल्याच वाक्याला माझ्या तोंडातून ‘जाऊ दे गं’ निघालं. सुमनबाई शांतपणे म्हणाल्या, “ताई, तुमाले आयकवत नसन तं बाहेर बसा. पण तिले थांबवू नका.”

मी बाहेर गेले. पार यार्डापर्यंत गेले आणि डबे घरंगळताना बघत उभी राहिले. तासाभराने परतले तेव्हा विजूचे डोळे सुजले होते आणि ती बिस्किट खात होती. निघताना सुमनबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, “तिचा दोष नाई, हे आतापर्यंत कोनं सांगतलं काय तिले?” मी आठवून पाहिलं. कोणीच नाही.

परक्या बाईपाशी घरचं उघडं केलं म्हणून कुमुदने कपाळाला हात लावला. पण त्या रात्री विजू झोपली, हे तिनेही पाहिलं. दर शुक्रवारी विजूला आपण स्वतः चरोद्याला सुमनबाईंकडे नेऊ, असं तिने कबूल केलं.

निघायच्या दिवशी दुर्गच्या फलाटावर विजू म्हणाली, “मावशी, तू एकदा बी विचारलं नाई. मले वाटलं, तुले माही किळस येते.”

तुला त्रास नको म्हणून, असं काहीतरी मी पुटपुटले. मग कशीबशी म्हणाले, “तुझा काही दोष नव्हता, विजू.” ती म्हणाली, “आता म्हणतं तू.” हे ती रागाने म्हणाली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

नाशिकला आल्यावर सगळ्यांनी विचारलं, काय काय पाहिलं. मी रस्ते सांगितले, धुराडी सांगितली, चीला करूनही दाखवला. माझं लेकरू बोलायला लागलं तेव्हा मी कुठे होते, ते मात्र गिळलं. आपण जपतो म्हणतो तेव्हा पुष्कळदा स्वतःचेच कान जपत असतो.

हे लिहू का, असं पत्राने तिला विचारलं. एका ओळीत उत्तर आलं: ‘नाव बदल, अन् तू उठून बाहेर गेली होती, थे बी लिहिजो.’

नाव बदललं आहे. बाहेर गेले होते, तेही लिहिलं आहे.