अर्ध्या नदीवरून परत

बातमी आली तेव्हा मी बालाघाटच्या कोर्टात एका जमानतीच्या अर्जाची तिसरी प्रत टाइप करत होते. फोन गोव्याहून होता. माझा धाकटा भाऊ राजू तिथल्या एका हॉटेलात स्वयंपाकी. त्याच्यासोबत काम करणारा कोणी बोलत होता... "दीदी, राजूभैया नहीं रहे. सुबह उठे ही नहीं." मी "अच्छा" म्हटलं आणि अर्ज पूर्ण केला. एकही चूक झाली नाही. आज दीड महिना झाला, मला रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, बाई दगडाची आहे. असेन बापा.

दोन वर्षांपूर्वी तो सुट्टीत आला तो लाटांवर चालवायची एक जुनी सर्फिंगची फळी घेऊनच. कोणा पाहुण्याने जाताना देऊन टाकलेली. गोंदियाच्या फलाटावर म्हणे लोक विचारत होते, इस्त्रीचा टेबल केवढ्याले घेतला? आईला मात्र ती पापड वाळवायला पसंत पडली. वरून चिकट, मळकट दिसली म्हणून तिने गरम पाणी, सोडा आणि नारळाच्या काथ्याने घासून लख्ख केली. तो मळ नव्हता, मेण होतं. पोट घसरू नये म्हणून लावतात. मला वाटलं, आता हा भडकतो. राजू नुसता पापडांकडे पाहत राहिला. "मेण गेलं व माय... पण पापड मस्त वाळून राह्यले." मग दुकानातून मेणबत्त्या आणून फळीवर घासत बसला.

मलाही शिकवायचं त्याने ठरवलं. माझा पहिला धडा त्याच्या खोलीतल्या फरशीवर झाला. फळीवर पालथी पड, पाय जुळव, हनुवटी वर, एकेक हात मार. पन्नाशीला टेकलेली मी, आणि दारात तोंडाला पदर लावून हसणारी आई! मग वैनगंगेच्या संथ पाण्यात. मी वरवर, पटापट हात मारायची. फळी जागची हलेना. "ताई, टाइप काहून करून राह्यली? रोवणीत चिखलात हात घालते तसा खोल घाल, अन् मंग ओढ." हे मला कळलं. लहानपणी वारासिवनीला मामाच्या बांधीत धान रोवलेलं होतं. फळी सरकली तशी मी लहान पोरीसारखी ओरडले.

पण मधोमध पाणी काळं दिसायचं आणि मी वळायची. दर वेळी. राजूची अट एकच होती, न थांबता पलीकडचा काठ गाठ, मग तुले समुद्रावर नेतो. फळी माझ्यासाठी ठेवून तो गोव्याला परत गेला. फोनवर पहिला प्रश्न तोच असायचा.

शेवटच्या फोनलाही तेच. "केली का पार?" मी कोर्टातून थकून आलेली. "हौ, केली," म्हणून टाकलं. तो केवढ्यांदा ओरडला! "थंडीत ये ताई, तिकीट मीच काढतो." खरं काय ते उद्या सांगू, असं मला वाटलं होतं. चार दिवसांनी तो कोर्टातला फोन आला.

गोव्याहून त्याला घेऊन आलेल्या हॉटेलातल्या पोरांपैकी एकाने माझे पाय धरले. "आप ही हैं ना, नदी पार करनेवाली दीदी? रसोई में सबको बताते थे." मी मान हलवली. राजू समोर निजलेला होता, तरी हलवली. याची लाज वाटते, आणि सध्या मला तेवढंच काय ते वाटतं.

फळी त्याच्या खोलीत आहे. आई पापड आता चादरीवर घालते. जिथे त्याची छाती टेकायची तिथलं मेण दबून काळपट झालंय. ते कोणी घासत नाही. रविवारी मी फरशीवर फळी ठेवून त्याच जागी पालथी पडते आणि हात मारते. बोटांना गार फरशी लागते.

परवा आई दारात येऊन उभी राहिली. हसली नाही. म्हणाली, "झाली का व पार?"

"नाही माय," मी म्हटलं. "मधापर्यंतच गेलती."